धनेश पाहिला कोणी?

२०२३ सालच्या मार्चमधली गोष्ट. कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे नवऱ्याला अक्षर दिसत नव्हतं, म्हणून त्याने आपली पक्ष्यांची वही बायकोकडे दिली.

"रमा, लिही. संध्याकाळी ग्रुपला यादी पाठवायची आहे. धनेश, एक जोडी, मागच्या उंबरावर."

"लिहिलं."

"पाहणाऱ्याचं नाव, कुंडलिक."

"अहो, धनेश मी पाहिला. भाकऱ्या थापताना, खिडकीतून. तुम्ही झोपलेले."

"पण ओळखला कोणी? तू तर म्हणालीस, मोठ्या चोचीची घार आली."

"ओळखायला उठवलं कोणी? आणि हे काय? तांबट, हळद्या, सगळीकडे तुमचंच नाव!"

"अगं, घर एकच, मग नावही एकच."

"मग माझं घाला की."

"ग्रुपमधले हसतील."

"दुर्बीण तुमच्या गळ्यात आणि दिसतं मला. हसायचं तर त्याला हसतील."

थोडा वेळ ती लिहीत राहिली.

"काय लिहिलंस?"

"थेंब उतरले की वाचा."

"सगळं खोडलंस की काय?"

"नाही हो. तांबट तुमच्याकडे राहू दे."

पुढच्या वर्षी दोघं मला तिथेच पुन्हा भेटली. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं. रमाबाई आता दर रविवारी ग्रुपबरोबर येऊरच्या जंगलात जात होत्या, दुर्बीण घेऊन. त्या दिवशी खिडकीपाशी भाकऱ्या कुंडलिकराव थापत. उंबरावरची जोडी अजून येते, असं दोघांनी एकदमच सांगितलं.