कानाच्या पाळीला लावलेला हात

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न टाकते. ज्याच्यावर आपली श्रद्धा, त्याचं नाव पोटात जपायचं, की ओठांवर आणायचं? — पहिल्या रांगेतल्या आत्याबाई हसतायत! त्यांनी पन्नास वर्षांत नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलंय. हसा, हसा. शेवटी उत्तर तुम्हालाच द्यायचंय!

तर मिरजेत एक गवई होते, अंतूबुवा हळदीकर. गळा गोड, जीभ तिखट! त्यांच्याकडे गोव्याहून एक पोर शिकायला आली — मालन कोरगावकर. नऊ वर्षं राहिली. पहाटे खर्ज, दुपारी पलटे, मधल्या वेळात बुवांच्या बायकोच्या, काकूंच्या, हाताखाली भाकऱ्या. गवयांची एक रीतही ती तिथंच शिकली. गुरूचं नाव घ्यायचं, तर हात आधी कानाच्या पाळीला! बुवा आपल्या गुरूंचं नाव असंच घ्यायचे — हात कानाला, डोळे मिटलेले.

नवव्या वर्षी मुंबईहून सिनेमाचं गाणं चालून आलं. मालननं चाल ऐकली आणि — खरं सांगू? — तिला ती आवडली! आता गाणं आवडणं हा काय गुन्हा झाला? पण बुवा भडकले.

"गा! खुशाल गा! पण माझं नाव कुठं सांगायचं नाही!"

मालन पाया पडली. "आज्ञा, बुवा."

झालं! एक रागानं बोलला, दुसरीनं ते डोक्यावर घेतलं!

बावीस वर्षं, मंडळी! मालनची गाणी पानाच्या टपरीवर वाजली, लग्नाच्या मांडवात वाजली, तुमच्या आयांनी चुलीपुढं गुणगुणली. रेडिओवर मुलाखती झाल्या. "मालनताई, कुणाकडं शिकलात?" विचारलं, की तिचा हात कानाकडं निघायचा — आणि अर्ध्यावर थांबायचा. "शिकले थोडंफार," एवढंच म्हणायची.

आणि मिरजेत? रेडिओला चिकटून बुवा!

"घेतलं का हो नाव?" काकू आतून विचारायच्या.

"नाही."

"तुम्हीच बंदी घातलीत ना?"

"अगं, रागात बोललो! एवढी कसली आज्ञाधारक?"

"मग टाका की एक पत्र."

"मी? गुरूनं पत्र टाकायचं?"

हसू नका! तुमच्या घरी कुणाचं पत्र अडलंय, ते आठवा.

शेवटी काकूंनीच लिहिलं — 'मालन, यांना वर्षभर काही ऐकू येत नाही. तरी रेडिओ लाव म्हणतात, नि नुसते बघत बसतात. ये.'

मालन धावत आली. वाटभर एकच वाक्य घोळवत. बुवा खाटेवर बसलेले, खांदे पडलेले. उंबऱ्यातूनच ती म्हणाली, "मी अंतूबुवा हळदीकरांची शिष्या!" पुन्हा म्हणाली. मग ओरडून म्हणाली! बुवा तिच्या ओठांकडं बघत राहिले.

"काय म्हणते गं ही?"

बावीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते नाव घरभर घुमत होतं — आणि ज्याचं, त्यालाच ऐकू येईना!

मग मालननं कानाच्या पाळीला हात लावला. डोळे मिटले. हळूच नाव घेतलं.

ते बुवांनी बघितलं.

"उशीर केलास गं पोरी." नि मग, "मी पण."

मग तंबोऱ्याकडं बोट दाखवलं. मालन गायला बसली. बुवांनी मांडीवर ताल धरला. पण ऐकू येत नाही, तर हात बरोबर पडणार कसा? मागं पडू लागला. एक मात्रा चुकली तर पट्टी आपटणारे बुवा — आज त्यांचाच हात चुकत होता! मालननं काय केलं? तिनं गाणं मागं ओढलं. जिथं बुवांचा हात पडला, तिथं समेवर मान डोलावली. दर आवर्तनाला!

"वा!" बुवा खूश झाले. "अजून सम चुकत नाहीस!"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

त्याच वर्षी श्रावणात बुवा गेले. पुढं मालन प्रत्येक मैफलीत आधी ते नाव घ्यायची. लोक टाळ्या वाजवायचे. ती मात्र जरा वेळ आपल्या मांडीकडं बघत राहायची.

काय आत्याबाई, देता उत्तर? राहू दे. मंडळी, तुमच्याही पोटात एखादं नाव अडकलंय. मला नका सांगू. घरी जा, त्या माणसासमोर उभे राहा, आणि घ्या! देवाचं नाव उद्या घेतलं तरी चालेल. त्याला ऐकू येतं.