उत्तरापुरती जागा

बाई: ही किल्ली माझ्या टेबलावर कशाला?

नवी: प्रयोगशाळेची आहे, बाई. मी आले तेव्हा तुम्हीच दिली होती. परत करतेय.

बाई: ते दिसतंय मला, डोळे अजून शाबूत आहेत. परत कशाला, ते विचारतेय. उद्या तुझा शेवटचा पाठ. कॉलेजच्या मॅडम बघायला येणार. साहित्य काय खिडकीतून बाहेर काढणार आहेस?

नवी: उद्या मी येणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं घरी जाते. कॉलेजला कळवीन नंतर.

बाई: म्हणजे शिक्षिका व्हायचं राहिलं? वर्ष पाण्यात?

नवी: जाऊ दे पाण्यात. ज्याला जमत नाही त्यानं कशाला उगाच हट्ट करायचा? मुलांचं नुकसान नको माझ्यामुळे.

बाई: बस आधी.

नवी: नको बाई, सामान भरायचंय.

बाई: बस म्हटलं ना! सामानाला काही पाय फुटत नाहीत. सकाळचा पाठ मनाला लावून घेतलास का?

नवी: तुम्ही मागेच बसला होतात. बघितलंत की सगळं.

बाई: बघितलं. आता तू सांग, काय झालं.

नवी: कशाला मीठ चोळता, बाई?

बाई: सांग गं.

नवी: मी विचारलं, लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो, मग एवढं मोठं लोखंडी जहाज का तरंगतं? ती दोन वेण्यांवाली उठली. म्हणाली, समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून. आणि मी म्हणाले...

बाई: काय म्हणालीस?

नवी: "शाब्बास, अगदी बरोबर!"

बाई: पुढे?

नवी: मग कोणीतरी म्हणालं, जहाज चालू असतं म्हणून. त्यालाही शाब्बास. मग तो चष्मेवाला म्हणाला, आत कॅप्टन असतो म्हणून. आणि मी... बाई, हसू नका ना.

बाई: नाही हसत. खोकला आला. बोल.

नवी: मी म्हणाले, "उत्तम! टाळ्या वाजवा सगळ्यांनी." वर्ग खिदळायला लागला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं तो काय म्हणाला ते. बाहेर पडताना एक पोरगी म्हणाली, "मॅडम, उद्यापण आमचं सगळं बरोबरच असणार का?" चेष्टेनं नाही हो, अगदी मनापासून विचारलं तिनं. तेच जास्त लागलं.

बाई: पण तुला येत नाही अशातला भाग नाही. परवा हेच जहाज मला किती छान समजावलंस! पाठ तोंडपाठ होता तुझा.

नवी: तेच तर नडलं.

बाई: म्हणजे?

नवी: तुम्ही रागवाल.

बाई: मी रोजच रागावते. आज काय नवीन?

नवी: मी रोज मधल्या सुट्टीत पलीकडच्या रिकाम्या वर्गात पाठ म्हणून बघते. बाकांसमोर. प्रश्न विचारते, उत्तर येण्यापुरती थांबते, मग म्हणते, "शाब्बास, अगदी बरोबर!" बाकांचं उत्तर कधी चुकत नाही ना, बाई. तीच सवय जिभेला लागली. आज समोर जिवंत मुलं होती आणि मी बाकांशीच बोलत राहिले.

बाई: अगं बाई! म्हणजे तो आवाज तुझा?

नवी: कुठला?

बाई: या प्रयोगशाळेची भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. रोज ऐकू यायचं मला, शाब्बास, शाब्बास. वाटायचं, पोरगी सुट्टीतसुद्धा मुलांना घेऊन बसते. आणि मुलं तरी किती गुणाची, चकार शब्द नाही! मनात म्हटलंही, हिला वर्ग सांभाळता येतो हं.

नवी: मुलं नव्हतीच.

बाई: कळलं ते आता. ऊठ.

नवी: जाऊ?

बाई: फळ्यापाशी जा. मी इथं बसते. मेलं हे स्टूल, किती डुगडुगतंय... हं. मी दोन वेण्यांवाली. विचार.

नवी: बाई, आता कशाला...

बाई: विचार!

नवी: लोखंडी जहाज पाण्यावर का तरंगतं?

बाई: मॅडम, समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून.

नवी: शा...

बाई: गीळ! तो शब्द गिळून टाक.

नवी: चूक. बस खाली.

बाई: झालं! आता मी दहावीपर्यंत हात वर करायची नाही. एकदम दुसऱ्या टोकाला कशाला जातेस? तिला विचार की, तुला असं का वाटतं. आणि विचारून गप्प राहा. कितीही घाई झाली तरी मध्ये तोंड उघडायचं नाही.

नवी: तुला... असं का वाटतं?

बाई: अं...

नवी: म्हणजे, मला असं म्हणायचंय की...

बाई: गप्प राहा म्हटलं ना! विचार करू दे की मला. हं. मॅडम, आम्ही समुद्रावर गेलो होतो ना, तेव्हा माझे बाबा पाण्यावर मस्त उताणे पडून होते. तळ्यात त्यांना तेवढं जमत नाही.

नवी: अय्या! मग हे काही अगदीच चूक नाही. खारट पाण्यात वस्तू थोडी जास्त वर राहते. पण मग नदीत आलं की जहाज बुडायला हवं. बुडतं का?

बाई: नाही बुडत, मॅडम.

नवी: म्हणजे आणखी काहीतरी कारण असणार. खिळा भरीव असतो, आणि जहाज आतून पोक...

बाई: आली का परत घाई! सगळं तूच सांगून टाकलंस तर मी शाळेत कशाला येऊ? पण मघाचं बरं होतं. नदीचं विचारलंस ते चांगलं विचारलंस. फोन वाजतोय तुझा.

नवी: आई आहे. घेते हं, नाहीतर काळजी करत बसेल. याचा कानापाशीचा आवाज बिघडलाय, स्पीकरवरच बोलावं लागतं. हॅलो, आई.

आई: काय गं, कसा झाला आजचा पाठ?

नवी: मस्त झाला. मुलं खूप हसली.

आई: वा! आणि जेवलीस का नीट? डब्यातलं परत नाही ना आणत?

नवी: नाही गं. सगळ्यांबरोबर जेवते, स्टाफरूममध्ये. इतका आग्रह करतात ना, पोट फुटायची वेळ येते.

आई: बघ! तू उगाच घाबरत होतीस. मी शेजारच्या काकूंना सांगितलं, आमच्या लेकीला तिथं तळहातावर झेलतात म्हणून. उद्या केस नीट बांध हं, तोंडावर येऊ देऊ नकोस.

नवी: हो, आई. ठेवते आता. बाई थांबल्यात.

(नवी फोन ठेवते. बाई तिच्याकडे रोखून बघतात.)

नवी: असं बघू नका ना, बाई.

बाई: घरी येतेय म्हणून नाही सांगितलंस तिला.

नवी: कसं सांगू? किती खूश होती ती.

बाई: डबा कुठं खातेस तू?

नवी: त्याच रिकाम्या वर्गात. मागच्या बाकावर.

बाई: का? स्टाफरूमला काय कुलूप आहे?

नवी: पहिल्या दिवशी गेले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, तर भूगोलाचे सर म्हणाले, तिथं बसू नका, ती जागा ठरलेली आहे. दुसरीकडे गेले, तिथं कोणाच्या तरी पिशव्या. मग डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. कोणी वाईट बोललं नाही, बाई. कोणी काहीच बोललं नाही. संध्याकाळी खोलीवर जाते, तिथंही चार भिंती. सकाळी वर्गात "बसा" म्हणते ना, कधीकधी तो आदल्या दिवसानंतरचा पहिला शब्द असतो माझा. फार एकटं वाटतं, बाई. बाकं निदान ऐकून तरी घेतात.

बाई: खिडकीजवळची म्हणालीस?

नवी: हो. तुमची आहे म्हणे ती.

बाई: माझीच. पण मी बसतच नाही तिच्यावर. शेजारी भाषेच्या बाई असायच्या. आमची दोघींची बडबड ऐकून सगळे कावायचे. त्या निवृत्त झाल्या, लेकाकडे राहायला गेल्या. तेव्हापासून मी इथंच, या टेबलापाशी, उभ्याउभ्या डबा उरकते.

नवी: इथं? म्हणजे रोज आपण दोघी...

बाई: हो. तू भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे. आणि खुर्ची तिकडे धूळ खातेय. काय पण शहाणपण आपलं! घे ही किल्ली.

नवी: उद्या परत तसंच झालं तर?

बाई: तर होऊ दे. मॅडम गुण कापतील, मान नाही कापणार. आणि पाठ झाला की डबा घेऊन सरळ त्या खुर्चीत जाऊन बस.

नवी: आणि तुम्ही?

बाई: मी शेजारची ओढून घेईन. तुझ्या आईनं काकूंना सांगून ठेवलंय, तिला तोंडघशी कशाला पाडायचं?

नवी: भूगोलाचे सर काही म्हणाले तर?

बाई: त्यांना विचार, सर, तुम्हाला असं का वाटतं? घे ना गं किल्ली, हात दुखला माझा.

नवी: घेतली. येते उद्या.

बाई: लवकर ये. चल, ती खिडकी लाव, मलाही निघायचंय.

नवी: बाई, एक विचारू?

बाई: विचार की.

नवी: तुम्ही घरी गेल्यावर कोणाशी बोलता?

बाई: हे काय भलतंच! खिडकी लाव म्हटलं ना. लावलीस? बरं... अगं, अशी बघत काय उभी राहिलीस? बोल काहीतरी.

नवी: नाही. थांबलेय.

बाई: शिकलीस आणि लगेच माझ्यावरच उलटलीस होय? कोणाशी बोलणार गं मी. कुलूप काढते, "आले हं" म्हणते. आणि तुझ्यासारखीच, उत्तर येण्यापुरती जरा थांबते.