नमुन्याची बाटली

दत्ताराम : पर्स ठेव आधी, नि ह्यो कागुद वाच. सकाळी पंचायतीतल्या सुचितानं झेरॉक्स दिली.

रचना : आत्ता तर कारखान्यातून येतेय, आबा. काय आहे?

दत्ताराम : आमच्या अर्जाचं उत्तर. इहिरीला वास मारतोय, कंपनीचा नाला तपासा, म्हनून मी नि सदूनं दिला व्हता ना? तुझी कंपनी ल्हिवते, आमचं पानी चोख.

रचना : कंपनी दुसरं काय लिहिणार?

दत्ताराम : मी पन त्येच म्हनलो. उभ्या उभ्या दोन शिव्या हासडल्या. तर सुचिता म्हनते, काका, मागचं पान बघा. रिपोट व्हता. मला इंग्रजी येत न्हाय, पन खालची सही वळखली. कल्पूच्या अंगणवाडीच्या कागदावर हीच हाय, शेपूट वर गेल्याली.

(रचना कागद उलटून मागचं पान बघते.)

दत्ताराम : तुझीच ना?

रचना : माझीच.

दत्ताराम : मंग? सदूला म्हनलो, सून बीएस्सी हाय आमची. ती खोट्यावर सही करायची न्हाय. अर्ज मागं घेतला.

रचना : मागे घेतलात? मला विचारायचं तरी!

दत्ताराम : तुझं ल्हिवल्यालं हातात असताना तुला काय इचारू?

रचना : आबा, ऐका. त्या विहिरीचं पाणी कुणी पिऊ नका. थोडे दिवस.

दत्ताराम : कागदावर एक नि तोंडात एक?

रचना : तपासणीची ती बाटली नाल्यावरची नव्हती.

दत्ताराम : कुठली व्हती?

रचना : कॅन्टीनच्या नळाची. दर महिन्याला नमुना तिथूनच भरायला लावतात. परेश साहेब म्हणाले, नाल्याचे आकडे लिहायचे असतील तर उद्यापासून येऊ नका. तुमचा रितेश नोकरी जाऊन घरी बसलेला. मी काय करणार होते?

दत्ताराम : किती म्हैनं?

रचना : सात.

दत्ताराम : ठमाबाई रोज त्येच पानी पिते. तिच्या दारावरनं जाताना ‘काकू, बऱ्या ना?’ इचारतेस तू.

रचना : विचारते. आणि पाय उचलते भराभर. रोज वाटतं, आज सांगू. म्हणून तर आपल्याकडे विकतच्या पाण्याचा जार लावला. कल्पूच्या तोंडात तिथला थेंब जायला नको. तेवढंच माझ्या हातात होतं.

दत्ताराम : आमाला म्हनलीस, ल्हान पोराला जारचंच बरं असतं.

रचना : नंतर काय ते बोला मला. जार कुठाय? कोपऱ्यात नाही तो.

(दत्ताराम कागदाची घडी घालतो, पुन्हा उघडतो.)

दत्ताराम : परत धाडला सकाळीच. जारवाल्या चांगदेवला सांगितलं, उद्यापासनं येऊ नको. घरची इहीर असताना इकतचं कशाला?

रचना : कल्पू कुठाय?

दत्ताराम : निजलीय. दुपारधरनं.

रचना : दिवसभर काय प्यायली ती? आबा, काय प्यायली?

दत्ताराम : नगं म्हनत व्हती. आय वरडंल म्हनाली. मंग मी कागुद दावला. म्हनलो, ही बघ तुझ्या आयची सही. तवा प्याली.