लंकेचे पक्षी आणि माझं मौन

तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? कडावच्या भातखाचरांतले बगळे दाखवून मला पक्ष्यांचं वेड लावलं ते आमच्या ह्यांनीच. पुढे श्रीलंकेची पक्षी बघायची सहल ठरली, आमचा पहिलाच परदेश. एकदा तरी विमानात बसव, म्हणून मी देवीला साकडं घातलं होतं. आणि ह्यांनी परस्पर माझ्याऐवजी मित्राचं नाव देऊन टाकलं.

मी विचारलं, तर म्हणाले, "आगं, तुझे उपास, सोमवारचं मौन. रानात कुठं सांभाळत बसणार? तुला नाय जमायचं."

देवी राजी आणि नवरा आडवा. पण व्रत करणाऱ्या बाईने भांडू नये, म्हणून गिळलं.

पुढच्या सोमवारी मी पूजेला बसलेली, म्हणजे मौनात, तेवढ्यात सहलवाल्या ताईंचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला.

"काका, तिथे रोज पहाटे चारला उठायचं. रानात दोन-तीन तास एक शब्द बोलायचा नाही. न्याहारी परत आल्यावर."

"आणि चहा?"

"तोही परत आल्यावरच."

ह्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. माझी आरती तेवढी राहिली होती. ती मनातल्या मनात म्हणून उरकली, मौन सोडलं आणि फोनजवळ गेले.

"ताई, त्या मित्राच्या जागी माझं नाव घाला. आणि ह्यांना जमेल का, तेवढं नीट विचारून घ्या."