जांभईला पडलेल्या टाळ्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यवस्थापकसाहेब, छापखान्याचे डॉक्टरसाहेब, आणि आमच्या ह्यांच्याबरोबर यंत्रावर आयुष्य काढलेल्या मंडळींनो,

बारा फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. निरोपाच्या भाषणात ही वेळ दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

त्या वेळी आपल्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी ह्यांच्या डाव्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उसळला. तेवढ्यात ह्यांना जांभई आली, आणि स्ट्रोकने लुळा पडलेला डावा हात आपोआप छातीपर्यंत वर आला. डॉक्टर म्हणाले, "सगळं हलतंय की! मास्तर, तुमची इच्छाच नाही." त्या दिवसापासून दवाखान्यातला हाताचा व्यायाम त्यांनी बंद केला.

इच्छा? ज्या हाताने हे कागदाची थप्पी क्षणात सुटी करायचे, त्याच्याकडे रोज सकाळी बघत बसतात. मी विचारते, "काय चाललंय?" म्हणतात, "बोट उचलतोय." बोट जागचं हलत नाही.

व्यायाम घेणाऱ्या मुलीने मला दोन मिनिटांत समजावलं. "काकू, मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचायचा रस्ता तुटलाय. गुडघ्याचा झटका पाठीच्या कण्यातूनच परत फिरतो, मेंदूला विचारत नाही. उलट मेंदूचा लगाम सुटला की जास्तच उसळतो. जांभईचा रस्ताही वेगळा. व्यायाम थांबवलात तर हात आखडून बसेल." डॉक्टरसाहेब, हे आपल्याला नवीन नसावं. मग त्या दिवशी घाई कसली होती?

आणि मघाशी काय झालं? व्यवस्थापकसाहेबांचं भाषण अंमळ लांबलं. ह्यांना जांभई आली, हात वर गेला. तुम्हाला वाटलं, मास्तर निरोप घेताहेत. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागलात, डॉक्टरसाहेब सर्वांत जोरात. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. हल्ली मला काहीच होत नाही. हे मात्र माझ्या कानाशी म्हणाले, "थांबव गं त्यांना. ते मी नाही केलं."

निरोपाची भेट म्हणून दिलेल्या घड्याळाबद्दल आभार. निवृत्तीनंतरही दवाखाना आम्हाला खुलाच, असं व्यवस्थापकसाहेब आत्ताच म्हणाले, त्याबद्दल तर विशेष आभार. कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी मला पाठ ताठ ठेवायला आणि तक्रार लेखी करायला शिकवलं. माझी तक्रार अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. टाळ्या राहू द्या. बोट हललं की मी स्वतः बोलावीन. व्यायाम कधी सुरू होणार, याचं उत्तर मात्र येत्या वीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत, डॉक्टरांच्या सहीने, लेखी.