मास्तरांचे डोळे

चष्म्याचा निसटलेला स्क्रू बसवून मिळेपर्यंत पोस्टातल्या बाईंना काही काम नव्हतं, म्हणून त्यांचे कान आपसूक शेजारच्या खुर्चीकडे लागले. तिथे एक मास्तर नवा चष्मा घालून आरशात बघत होते. मागे त्यांची बायको उभी होती आणि समोर दुकानदार.

"माझे डोळे एवढेसे कसे झाले हो?"

"झाले नाहीत, मास्तर. जुन्या काचेतून ते मोठे दिसायचे. ती काच म्हणजे चेंडूचा काप, सगळीकडे सारखीच गोल. ही अ‍ॅस्फेरिक, कडेकडे सपाट होत जाते. म्हणून पातळ, आणि डोळेही फारसे फुगवत नाही. दाराची चौकट बघा बरं."

"अरेच्चा, सरळ आहे की! मला आजवर ती कमरेत बारीक दिसायची."

"मग हीच ठेवायची ना?"

"छे! जुनीच बसवा. नुसतं वर बघितलं तरी अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. या डोळ्यांना कोण भीक घालणार?"

"अहो, जरा माझ्याकडे बघा."

"काय गं?"

"मला वाटायचं, मी बोलायला लागले की तुम्ही डोळे वटारता. सव्वीस वर्षं निम्मं बोलणं गिळत आले मी."

"अगं, मी नुसता ऐकत असायचो."

"ते आज दिसलं."

"मास्तर, मग जुनी काच बसवू?"

"थांबा हो जरा. तिचं बघून होऊ दे."