अकराव्याची जागा

(फुटबॉल क्लबची कपडे ठेवायची खोली. दार उघडं, बाहेर मैदान. बाप बाकावर बसलेला, मांडीवर बूट. लेक उभी, हातात फाइल. सकाळचे दहा.)

लेक : ठेवा तो बूट खाली. चौथ्यांदा पुसताय.

बाप : टाचेत चिखल राहतो गं.

लेक : चिखल कसला, वेळ काढताय तुम्ही. अकरा वाजता नगरपालिकेत सुनावणी आहे, शेवटची. आज आपलं म्हणणं पटलं नाही तर हे मैदान गोदामवाल्यांचं. मग पुसा बूट कुणाचे पुसायचे ते.

बाप : क्लबची चिटणीस तू आहेस, तू बोल. तुझी जीभ काय, कात्रीसारखी चालते.

लेक : माझी जीभ चालून काय उपयोग? आपला सगळा अर्ज उभाय तो बावन्न वर्षांपूर्वीच्या सामन्यावर. मी जन्मलेही नव्हते. त्या टीममधला एकच माणूस जिवंत आहे आणि तो बूट पुसत बसलाय.

बाप : अगं, ती गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे.

लेक : मलाही आहे, तुम्हीच मांडीवर घेऊन सांगायचात. आपल्याला 'निळे हात' का म्हणतात? कारण आपली टीम रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांची. एक जण हौदात बुडाला, बाकीच्यांनी हात घालून त्याला बाहेर काढलं. हात कोपरापर्यंत निळे झाले. चार दिवसांनी तसल्याच हातांनी ते या मैदानावर खेळले. आणि दुसरं नाव 'दहाजण' का? कारण गेलेल्याची जागा रिकामी ठेवून दहाच जण खेळले. म्हणून अजून मोसमाच्या पहिल्या सामन्यात पहिलं एक मिनिट आपले दहाच खेळतात, अकरावा रेषेबाहेर उभा. बरोबर?

बाप : बरोबर.

लेक : मग हा कागद काय म्हणतो?

बाप : चष्मा नाही आणला मी.

लेक : कपाळावर आहे तो. त्या सामन्याच्या पंचाची यादी आहे ही. गोदामवाल्यांच्या वकिलाने गेल्या खेपेला साहेबांसमोर ठेवली. गेलेल्या माणसाचं नाव यात नाहीच. त्याच्या जागी राखीव खेळाडू घेतलाय, तो खेळलाय. म्हणजे त्याची जागा भरली होती, बाबा. रिकामी नव्हती.

बाप : लिहिण्यात चूक झाली असेल.

लेक : अकरावं नाव तुमचं आहे. गोलकीपर. त्यावर लाल रेघ आणि पुढे लिहिलंय, 'आला नाही'.

बाप : ताप होता मला.

लेक : गेल्या आठवड्यात पोट दुखत होतं म्हणालात.

बाप : दोन्ही होतं.

लेक : वकील काय म्हणाला ठाऊक आहे? "गोलकीपर घरी झोपला, म्हणून दहा जण खेळले. त्याची यांनी पोथी केली. असल्या बनावट इतिहासासाठी मैदान राखायचं का?" लोक हसले, बाबा. मी खाली मान घालून बसले होते. साहेब म्हणाले, त्या टीममधलं कुणी असेल तर आणा, खुलासा करू दे. नाहीतर अर्ज निकालात. बाबा, पाणी नाकाशी आलंय. हात जोडते मी.

बाप : हात नको जोडू.

लेक : पाया पडू?

बाप : तू समजतेस तेवढं सोपं असतं तर बावन्न वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो असतो का? दार लाव ते.

लेक : बाहेर माळीदादाच तर आहेत. चुन्याच्या रेषा मारताहेत, साहेब नंतर मैदान बघायला येणार म्हणून.

बाप : म्हणूनच म्हणतो, लाव.

लेक : पावसाने फुगलंय, लागत नाही. हळू बोला. बोला पण.

बाप : हौद साफ करायची आमची एक रीत होती. एकाने कमरेला दोर बांधून उतरायचं, दुसऱ्याने वर दोर धरायचा. आत रंगाची वाफ कोंडायची, माणसाला भोवळ यायची. खालून दोन हिसके आले की ओढायचं. वरच्याने शिंक आली तरी दोर सोडायचा नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, पगार किती ते नंतर.

लेक : त्या दिवशी वर कोण होतं?

बाप : सांगतोय ना. संध्याकाळची पाळी होती. भिंतीपलीकडे, इथे, बाकीची पोरं सराव करत होती. आम्हा दोघांची पाळी संपली की आम्हीही जाणार. तेवढ्यात चेंडू भिंतीवरून आत आला. माझ्या पायाशीच येऊन थांबला. पलीकडून ओरडले, "अरे गोली, टाक की!"

लेक : बाबा...

बाप : मी दोर कडीला अडकवला. म्हटलं, एक लाथ तर मारायची. चेंडू नीट ठेवला, चार पावलं मागे गेलो आणि हाणला. असा फटका मला आयुष्यात पुन्हा मारता आला नाही. भिंतीच्या वर, चिमणीच्या वर गेला चेंडू. मी बघत उभा राहिलो गं. त्या चेंडूकडे बघत उभा राहिलो.

लेक : आणि खाली हिसके...

बाप : कडीला कळतात का हिसके? परत येऊन दोर धरला तर जड लागला. मी बोंब मारली. दहाच्या दहा भिंतीवरून उड्या टाकून आले आणि हौदात हात घालून त्याला काढलं. सगळे निळे. माझे हात कोरडे. मी दोर धरून उभा होतो. तेव्हा अगदी घट्ट धरला होता.

लेक : म्हणून सामन्याला आला नाहीत.

बाप : कुठल्या हातांनी येणार? सगळे निळे हात आणि मधे माझे हे दोन. घरात कोंडून घेतलं. कप्तान दारावर आला. लाथा मारल्या त्याने, शिव्या दिल्या, मग दाराशी बसून रडला. जाताना म्हणाला, "तू नाहीस तर गोलात कुणीच उभं राहणार नाही. लोकांना सांगू, गेलेल्याची जागा ठेवलीय." रिकाम्या गोलाने खेळले. नऊ गोल खाल्ले.

लेक : म्हणजे ती रिकामी जागा तुमची होती.

बाप : माझी. लोक टोप्या काढायचे तिच्यासमोर.

माळी : गोली काका.

लेक : दादा! तुम्ही कधी आलात?

माळी : चुन्याची बादली ठेवायला. "कडीला अडकवला" इथपासून उभा आहे.

बाप : ये. बस.

माळी : बसत नाही. बाप त्या हौदात गेला तेव्हा दोन वर्षांचा होतो मी. बापाचा चेहरा आठवत नाही, घरात फोटो नाही. दरवर्षी पहिल्या सामन्याला ते एक मिनिट मी रेषेवर उभा राहतो. सगळं गाव गप्प असतं. माझ्यासाठी बाप म्हणजे तेवढं एक मिनिट. आणि तुम्ही म्हणता, ती जागाही त्याची नव्हती?

बाप : नव्हती.

माळी : शाळेची फी तुम्ही भरलीत. इथे कामाला तुम्ही लावलंत. माझ्या लग्नात बापाच्या पाटावर तुम्ही बसलात. मी आईला म्हणायचो, देवमाणूस आहे.

बाप : नको रे.

माळी : ताई, हे तिकडे बोलायचं नाही.

लेक : दादा, मला कळतंय. पण हेच बोललं तर तो कागद आपल्या बाजूने उभा राहतो. गेलेल्याच्या जागी राखीव खेळाडू का, बाबांचं नाव का खोडलं, दहाच का, सगळं जुळतं. हे बोललंच नाही तर आपण खोटे ठरतो आणि मैदान जातं.

माळी : जाऊ द्या.

लेक : तुम्ही म्हणता हे? या गवताला पोटच्या पोरासारखं वाढवलंत तुम्ही!

माळी : मैदान गेलं तर गोष्ट राहील. लोक सांगतील, इथे दहा जण खेळले होते, एकाची जागा राखून. गोष्ट गेली तर हे गवत घेऊन काय करू, खाऊ?

लेक : मग मी काय करू, सांगा ना कुणीतरी! मला मैदान वाचवायचंय हो. आणि हे मला ऐकायचं नव्हतं. माझ्या बापाबद्दल मला हे ऐकायचंच नव्हतं!

बाप : रडू नको. माझ्यासाठी तर मुळीच नको.

माळी : किती वेळ सोडला होता?

बाप : काय?

माळी : दोर. किती वेळ?

बाप : चेंडू ठेवला, मागे गेलो, मारला, तो खाली पडेपर्यंत बघितला. एक मिनिट. जास्त नाही.

माळी : एक मिनिट.

बाप : ही पहिल्या मिनिटाची प्रथा कप्तानाने पाडली, पुढच्या मोसमात. सगळे म्हणाले, एक मिनिटच का? पाच ठेव, अर्धा डाव ठेव. तो म्हणाला, एकच. आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला काही बोललो नव्हतो, पण चेंडू त्याच्याच पुढ्यात पडला होता. त्याने हिशेब केला असणार. मेला तोवर बोलला नाही कुणाजवळ. पण दरवर्षी मला ते मिनिट अकराव्याच्या जागी रेषेबाहेर उभं करायचा.

लेक : म्हणून खेळणं सोडल्यावरही तुम्ही त्या मिनिटाला रेषेशी जाता...

बाप : जातो. याच्या शेजारी उभा राहतो. याला वाटतं, याच्या बापासाठी.

माळी : म्हणजे माझा बाप खाली हिसके देत होता, ते मिनिट.

बाप : हो.

माळी : सगळं गाव उभं राहतं त्या मिनिटाला. दरवर्षी.

बाप : हो रे.

माळी : मग जागा तुमची असेल. मिनिट त्याचं आहे.

लेक : दादा...

माळी : ताई, वाजले किती?

लेक : सव्वादहा.

माळी : हे सगळं बोलाल तिथे? ताप होता, पोट दुखत होतं, असलं काही नाही. चेंडूकडे बघत उभा राहिलो, हेसुद्धा सांगायचं. त्या वकिलासमोर.

बाप : तू म्हणशील तर बोलेन. तू नको म्हणालास तर मैदानासकट गिळेन.

माळी : माझ्यावर नका टाकू. एवढं तरी तुमचं तुम्ही धरा.

बाप : ...बोलतो. चल गं. फाइल घे.

लेक : बाबा, चपला.

माळी : एक सांगतो, गोली काका. मी माफ केलेलं नाही. आज नाही, उद्याचं ठाऊक नाही.

बाप : मागितलीही नाही रे मी.

माळी : हं. बाहेरची पायरी निसटलीय. हात द्या इकडे.

बाप : चुना लागेल.

माळी : लागू दे. धरा.